पाठमोरी साक्ष

झेरॉक्सच्या मशीनमधला हिरवा उजेड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकला, कागद बाहेर आला, आणि लताबाईंनी तो हातात घेतला तेव्हा तो अजून गरम होता, नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा. कागद सरळ आला आहे ना, एवढंच बघायचं म्हणून त्यांनी चष्मा वर सरकवला. दोन वर्षांपूर्वी वकिलांच्या टेबलावर पाच-सहा कागदांच्या थप्पीत हा एक होता, आणि जिथे जिथे पेन्सिलीने फुली होती तिथे तिथे त्यांनी सही केली होती. सही तीच होती, ल. सो. भामरे, शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर तीस वर्षं केलेली. तिच्या वरचा मजकूर मात्र त्या आज पहिल्यांदा वाचत होत्या. "मयत आक्काबाई गोटीराम देवरे यांनी सदर मृत्युपत्रावर सही केली तेव्हा मी तेथे हजर होते व त्यांना सही करताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे." दुकानदाराने अजून किती प्रती म्हणून विचारलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. स्वतःच्या डोळ्यांनी. मुलींच्या वह्यांतली एकेक मात्रा लाल शाईने दुरुस्त करणाऱ्या बाईने स्वतःच्या नावावरचं हे वाक्य वाचलं नव्हतं, आणि ते खोटं होतं. आक्काबाई सही करत होत्या तेव्हा लताबाईंच्या डोळ्यांसमोर शेवग्याचं झाड होतं, झाडाखाली पसरलेलं जुनं लुगडं होतं, आणि त्या लुगड्यावर नागलीचे पापड मांडत बसलेली मैना होती. गंगापूर रोडवरून एक रिकामी बस धडधडत गेली. दुकानाची काच थरथरली. एकच पुरे, असं काहीतरी म्हणून त्या बाहेर आल्या आणि कागद पर्समध्ये घालण्याऐवजी तसाच हातात धरून चालत राहिल्या, तो निवेपर्यंत.

साक्ष गुरुवारी होती, आज सोमवार. गोष्ट तशी सरळ होती, आणि आतापर्यंत त्यांना ती सरळच वाटत आली होती. आक्काबाई शेजारच्या. गोटीराम देवरे पाटबंधारे खात्यात कॅनॉलवर होते, गंगापूर रोडच्या या बाजूला पेरूच्या बागा होत्या तेव्हा त्यांनी इथे जागा घेतली, पुढे सोसायटी झाली, रो-हाउसं उभी राहिली, आणि एक दिवस ते गेले. मूलबाळ नव्हतं. घर आक्काबाईंच्या नावावर आलं. आणि घरात, मागच्या खोलीत, मैना होती. सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला आलेल्या टोळीतली ही बाई एका वर्षी आजारी पडून मागे राहिली, आक्काबाईंनी तिला आठ दिवसांसाठी ठेवून घेतलं, आणि त्या आठ दिवसांची दहा वर्षं झाली. सत्त्याण्णव साली आक्काबाईंनी लताबाईंना बरोबर घेऊन वकिलांचं ऑफिस गाठलं. सुनील गांगुर्डे तेव्हा नवे वकील होते, समजावून सांगायचा उत्साह होता. त्यांनी सांगितलं की काही लिहून ठेवलं नाही तर हे घर नवऱ्याच्या वारसांकडे जाईल, म्हणजे देवळ्याच्या पुतण्याकडे, मनोजकडे. मैनाला द्यायचं तर मृत्युपत्र हवं, दोन साक्षीदार हवेत, दोघांनी तुम्हाला सही करताना बघायचं आणि मग तुमच्यादेखत आपापल्या सह्या करायच्या. आक्काबाई हे सगळं पोथी ऐकावी तसं मान हलवत ऐकत होत्या. वकिलांनी विचारलं, आजी, ही तुमच्या नात्यातली नाही, जातीतली नाही, उद्या कोर्टाने विचारलं हिलाच का, तर काय सांगायचं? आक्काबाई म्हणाल्या, "मला खोकला आला का ती जागी व्हती. देवळ्यात मनोजला ऐकू येत नाय. त्याचा काय दोष, लांब पडतं."

दोन साक्षीदारांनी बघायचं, हे लताबाईंनी त्या दिवशी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मग बघितलं का नाही? घरी येऊन त्यांनी दार लावलं, पंखा लावला, थंडी असूनही लावला, आणि बसून राहिल्या. उत्तर त्यांना माहीत होतं. ते इतकं जुनं होतं की कधी उत्तर म्हणून त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. एक्क्याण्णव-ब्याण्णवची ती साक्षरतेची लाट. शाळेतल्या शिक्षकांनी आपापल्या गल्लीत प्रौढांना शिकवायचं, असा हुकूम होता. लताबाईंच्या वाट्याला चार बायका आल्या, तीन आठवड्याभरात गळाल्या, उरल्या आक्काबाई. साठीतली बाई, हात विळ्याच्या मुठीला सरावलेले, पेन्सिल धरली की टोक मोडायचं. आ आला, क्का महिनाभराने आला, बाई आलं, देवरे आलं. मधली जागा मोकळी. लताबाईंनी फळ्यावर गोटीराम लिहिलं तेव्हा आक्काबाईंनी पदर तोंडाला लावला आणि फळ्याकडून नजर काढून घेतली, जसं कुणी घरातलं माणूस उघड्यावर अंघोळ करताना दिसावं. चाळीस वर्षांत त्यांनी ते नाव सरळ उच्चारलं नव्हतं. उखाण्यात घेतलं होतं, ते वेगळं. उखाण्यात नाव सजवून, चार शब्दांच्या मखरात बसवून बाहेर येतं, त्याला कुणाची दृष्ट लागत नाही. कागदावर ते उघडं पडतं. पेन्शनीला बँकेत पूर्ण सही लागते असं लताबाईंनी बजावल्यावर आक्काबाईंनी आठवडाभर विचार केला आणि म्हणाल्या, "ल्हीन मी. पन मास्तरीन, तुम्ही तिकडं तोंड करा."

लताबाईंनी तोंड फिरवलं होतं. भिंतीवर कॅलेंडर होतं. पाठीमागे पेन्सिलीचा आवाज येत होता, हळू, थांबत थांबत, आणि गो च्या काना-मात्रेवर एक मोठा श्वास. त्या आवाजावरून कुठलं अक्षर चाललंय हे त्यांना कळायला लागलं, इतक्यांदा त्यांनी तो पुढे ऐकला. टी ची वेलांटी ओढताना पेन करकरायचं. मग म वर टेकून थांबायचं. बँकेत, पोस्टात, रेशनच्या ऑफिसात, आक्काबाई पुढ्यात कागद घ्यायच्या आणि समोरच्या माणसाकडे नुसत्या बघत राहायच्या, तो तोंड फिरवीपर्यंत. बँकेतला कारकून आधी वैतागला, नंतर त्यालाही सवय झाली. आजी आल्या की तो खुर्चीतच वळून मागच्या कपाटातलं काहीतरी शोधायचा. आणि सही झाली की आक्काबाई पदर सारखा करून, कागद वळवून, अक्षरांखाली बोट ठेवून आपल्याशीच, पण ऐकू येईल असं, काहीतरी जुळवून म्हणायच्या. चोरून लिहिलेल्या नावाला न्याय दिल्यासारखं. एकदा म्हणाल्या होत्या:

पाटाच्या पाण्यावर चिंचेची सावली,
गोटीरामाच्या नावापुढं सही मी लावली.

कारकून म्हणाला होता, आजी, पुढच्या महिन्याला नवा पाहिजे. आणि दर महिन्याला नवा यायचा.

मृत्युपत्रावरच्या सहीची, मार्चमधली ती दुपार म्हणून काही वेगळी नव्हती. वकिलांनी टाइप केलेला कागद घरी पाठवला होता, त्यांना मालेगावला काम निघालं होतं. लताबाईंनी तो मोठ्याने वाचून दाखवला, आक्काबाईंनी दोनदा मध्येच थांबवून मैनाचं नाव बरोबर आलंय ना विचारलं. कोपऱ्यावरचे डॉक्टर खैरनार, दुसरे साक्षीदार, दवाखान्यातून मधल्या वेळेत आले होते, स्टेथोस्कोप गळ्यातच. मग आक्काबाईंनी पेन घेतलं आणि दोघांकडे तसंच बघितलं. डॉक्टरांनी देवाच्या फोटोकडे तोंड केलं. लताबाईंनी खिडकीकडे. ओल्या लुगड्यावर मैना पापड मांडत होती, एकेक, कडा एकमेकींना लागणार नाहीत अशा बेताने, आणि जिचं नाव घरात कागदावर चढत होतं तिला त्याचा पत्ता नव्हता. कावळा आला, तिने हात उगारला. पाठीमागे पेन करकरलं. टी. मग थांबलं. मग आक्काबाई काहीतरी म्हणाल्या, डॉक्टर मोठ्याने हसले, लताबाईही हसल्या, वळल्या, दोघांनी आक्काबाईंसमोर आपापल्या सह्या केल्या, आणि चहा झाला. काय म्हणाल्या होत्या, ते काही केल्या आठवेना. ओळीच्या शेवटाला वाकून की काहीतरी होतं. एवढाच शब्द काठाला लागून राहिला होता, बाकीचं पाण्याबरोबर गेलं.

मंगळवारी त्या गांगुर्डे वकिलांकडे गेल्या. आता टेबल मोठं झालं होतं, मागे पुस्तकांच्या रांगा होत्या. लताबाईंनी सांगितलं तेवढं त्यांनी पेनाचं टोपण उघडमिट करत ऐकून घेतलं, आणि मग शांतपणे समजावलं, पूर्वी आक्काबाईंना समजावलं होतं तसंच. आपल्याकडे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, घेतलंच पाहिजे असं नाही, पण मनोजने हरकत घेतली म्हणून सोसायटी नाव लावेना, म्हणून कोर्टात यावं लागलं. मृत्युपत्र नोंदवलेलं नाही. डॉक्टर मागच्या वर्षी गेले. म्हणजे जिवंत साक्षीदार एकच, तुम्ही. सही आक्काबाईंचीच आहे याबद्दल तुमच्या मनात शंका आहे का? नाही ना. मग. आणि आता तुम्ही पाहिलं नाही म्हणालात तर हे प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं, ते तुमच्या अंगावर येतं, आणि मैना घराबाहेर. ते पुढे म्हणाले, "बाई, एक शब्द आहे. हो. तो म्हणायला अर्धं मिनिट लागत नाही." लताबाईंना वाटलं, शाळेत इतकी वर्षं आपण मुलींना असंच तर समजावत आलो, उत्तर बरोबर आहे ना, मग पायऱ्या कशाला बघता, आणि लगेच आठवलं की नाही, आपण उलटंच सांगत आलो. पायऱ्या लिहिल्या नाहीत तर मार्क नाहीत.

त्याच संध्याकाळी मनोज आला. अंगात स्वेटर, हातात कांद्याची पिशवी. दारातच ठेवली. दरवर्षी काकूकडे आणायचो, तेव्हा तुमच्याकडेही एक असायचीच, म्हणाला, ते खरंच होतं. पंचेचाळिशीचा, कांद्याच्या व्यापारात असलेला, बोलताना हाताची बोटं सारखी चोळणारा माणूस. आक्काबाईंना अग्नी त्यानेच दिला, दहावा-तेरावा त्यानेच केला, घाटावर त्याने डोकं भादरून घेतलं तेव्हा लताबाई तिथे होत्या. चहा अर्ध्यावर ठेवून त्याने सांगितलं की घर मिळालं काय, नाही मिळालं काय, देवळ्यात त्याचं काही अडलेलं नाही. पण काकांनी पोटाला चिमटा काढून घेतलेली जागा परक्याच्या नावावर जाते म्हटल्यावर गावात मान वर करता येत नाही. मग तो उठला, चपला घालता घालता खाली बघतच म्हणाला, "काकूची सवय मला माहिती हाय बाई. बँकेत समद्यांना तोंड फिरवायला लावायची. माझा वकील तेच विचारनार. तुम्ही मास्तरीनबाई, तुमच्या तोंडून खोटं येनार नाय, येवढंच." आणि गेला. कांद्यांचा वास खोलीत उरला, कोरडा, मातीचा. पिशवी परत करावी की ठेवावी हे त्यांना ठरवता येईना. ती तशीच दाराशी राहिली.

पाहिलं का. हा प्रश्न त्यांना यापूर्वीही एकदा विचारला गेला होता. नव्व्याण्णव साली, दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, दुपारीच. नर्सने विचारलं होतं, किती वाजता गेले, तुम्ही पाहिलं का? लताबाई कॉटशेजारच्या स्टुलावर होत्या, नवऱ्याचा हात त्यांच्या हातात होता, आणि नजर खिडकीबाहेर. बाहेर काही नव्हतं. एका गच्चीवरच्या टाकीतून पाणी ओसंडत होतं आणि ते बंद करायला कुणी येत नव्हतं, एवढंच. हात कधी नुसता हात झाला ते त्यांना कळलं नाही. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला अहो म्हटलं. नाव लग्नात घेतलं, डोहाळजेवणात घेतलं, एकदा शाळेच्या हळदीकुंकवात मुलींनी आग्रह केला म्हणून घेतलं. स्वतःला त्या आक्काबाईंपेक्षा शिकलेल्या, पुढारलेल्या समजत होत्या, सही करताना सो लिहायच्या, टिंब द्यायच्या; पण त्या टिंबामागे पूर्ण नाव होतं, आणि ते त्यांनीही झाकलेलंच होतं. ते गेल्यावर सगळ्या अर्जांत मयताचं नाव या रकान्यात त्यांनी ते लिहिलं, पुन्हा पुन्हा लिहिलं, आणि प्रत्येक वेळी मान जरा डावीकडे वळायची. तोंड फिरवणं म्हणजे मान देणं, असं त्यांना वाटत आलं होतं. आता ती सगळी वर्षं एकापाठोपाठ एक समोर यायला लागली आणि प्रत्येकीत त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मग आपण बघितलं काय? कुणाच्या आयुष्याला आपण साक्षीदार? नर्सला त्यांनी तेव्हा तीन वीस सांगितलं होतं. अंदाजाने. दाखल्यावर तेच आहे.

बुधवारी त्या मैनाकडे गेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला जायला कुठली जागा नसते म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं; खरं म्हणजे त्या तिला सांगायला गेल्या. मैना आता पन्नाशीला आली होती, केस पुढून पांढरे. खोल्या झाडून पुसून, आक्काबाईंची कॉट होती तिथेच, वर घडी केलेलं पांघरूण. स्वतः अजून मागच्याच खोलीत राहत होती. निकाल लागेपर्यंत पुढं कशाला झोपायचं, म्हणाली. तिने चूल नसलेल्या त्या घरात गॅसवर नागलीची भाकरी टाकली आणि वर लसणाची चटणी. लताबाईंनी पहिला घास मोडायच्या आधीच सांगून टाकलं की मी सही करताना बघितलं नाही, आणि उद्या मला ते विचारणार आहेत, आणि मी खरं सांगितलं तर हे घर तुझं राहणार नाही. मैनाने भाकरी उलटली. तव्यावर हात जरा जास्त वेळ राहिला. "मंग? समदेच तोंड फिरवायचे," ती म्हणाली. "म्या बी फिरवायची. आक्का कागद घेऊन बसली का म्या भिताडाकडं." तिच्या आवाजात भीती होती, ती लताबाईंना ओळखू आली, पण ती कोर्टाची भीती नव्हती. जणू लताबाई उद्या आक्काबाईंबद्दल काहीतरी उघडं बोलतील, याची. मग तिने विचारलं, घर गेलं तर शेवगा तोडतील का? सुरगाण्याला भावाकडे जागा होती, पण भावजयीने तिची वाटणी दहा वर्षांपूर्वीच आपल्या चुलीत मिळवून घेतली होती, हे ती असंच बोलता बोलता म्हणाली, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. निघताना लताबाई झाडाखाली थांबल्या. पानं विरळ झाली होती, एका फांदीवर चार-पाच उशिराच्या शेंगा लोंबत होत्या, आणि फांदी त्यांच्या वजनाने खाली आली होती. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मैनाला वाटलं, शेंगा हव्यात. तिने तोडून दिल्या.

गुरुवारी कोर्टाच्या आवारात, सीबीएसच्या बाजूने येणारा बसचा आवाज आणि टायपिंगवाल्यांची टकटक यांच्यामध्ये त्या बाकावर बसल्या असताना पट्टेवाल्याने दारातून मोठ्याने पुकारलं, लता सोमनाथ भामरे. तीनदा. इतक्या मोठ्याने ते नाव कुणी घेतल्याला पाच वर्षं झाली होती. व्हरांड्यातल्या भिंतींवरून ते नाव जिन्यापर्यंत गेलं, आणि कुणालाच काही झालं नाही. माणसं तंबाखू मळत होती. लताबाई उठल्या. ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणताना त्यांना मैना दिसली, शेवटच्या बाकावर, खिडकीशी, इस्त्रीच्या साडीत अवघडलेली. आणि मनोज, पुढे, बोटं चोळत. गांगुर्डे वकिलांनी मृत्युपत्र दाखवून सह्या ओळखायला लावल्या. मग मनोजचे वकील उठले. पोक्त गृहस्थ होते, आवाज चढवत नव्हते. आक्काबाईंना तुम्हीच लिहायला शिकवलं? हो. नवऱ्याचं नाव लिहिताना त्या इतरांना तोंड फिरवायला लावायच्या, हे खरं? हो. त्या दिवशी लावलं? लावलं. तुम्ही फिरवलं?

"फिरवलं," लताबाई म्हणाल्या. "सही करताना मी त्यांना पाहिलं नाही. प्रतिज्ञापत्र मी वाचून सही केलेली नाही. ते माझं चुकलं."

गांगुर्डे वकिलांनी पेनाचं टोपण मिटलं. मनोजने मान खाली घातली. जिंकल्यासारखा तो दिसला नाही. लताबाईंना हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. पोटात फक्त एक मोकळी जागा झाली, आक्काबाईंच्या नावाच्या मधोमध होती तशी. मनोजचे वकील खाली बसणार तेवढ्यात न्यायाधीशांनी, तरुण होते, सर्दी झालेले, रुमाल नाकाला लावूनच विचारलं, मग बाई, ही सही त्यांचीच हे तुम्ही कशावरून म्हणता, अक्षरावरून? लताबाई म्हणाल्या, अक्षर ओळखते, पण त्यावरून नाही. आवाज ऐकला. आणि त्यांनी सांगितलं. कुणी सांगितलं? आक्काबाईंनीच. सही झाल्यावर आम्हाला वळायला सांगितलं, कागद पुढे केला, सहीखाली बोट ठेवलं. काय सांगितलं? आणि तेव्हा, त्या लाकडी कठड्याला धरून उभ्या असताना, काल पाहिलेली ती वाकलेली फांदी त्यांच्या डोळ्यांसमोर आली, आणि फांदीबरोबर सगळं आलं, आवाज, पदर सारखा करतानाचं कांकण, डॉक्टरांचं हसू. त्यांना संकोच वाटला. दुसऱ्या बाईच्या नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं. त्या बोलल्या, वर्गात म्हणून दाखवावं तसं नाही, हळू:

"दारीच्या शेवग्याला शेंगा आल्या वाकून,
गोटीरामाचं नाव ल्हिवलं मी पदराआड झाकून."

कुणी हसलं नाही. टंकलेखक मुलीने बोटं वर धरून विचारलं, सर, हे पण घ्यायचं? न्यायाधीश म्हणाले, जसंच्या तसं घ्या. मग त्यांनी विचारलं, हे म्हटलं तेव्हा डॉक्टर तिथे होते? होते, हसले. मग तुम्ही दोघांनी सह्या कुठे केल्या? तिथेच, त्यांच्यासमोर. तेव्हा त्या आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी तोंड फिरवलं नाही.

व्हरांड्यात गांगुर्डे वकील म्हणाले की हे आधी का नाही सांगितलं, सही करताना पाहिलं नसलं तरी सही आपली आहे असं आजींनी साक्षीदारांना स्वतः सांगितलं तर कायद्याला ते चालतं, मी तसंच प्रतिज्ञापत्र केलं असतं. ठरलेला मजकूर होता तो टाकला. लताबाई म्हणाल्या की उखाणा कोर्टात सांगायचा असतो हे मला माहीत नव्हतं. निकाल चार महिन्यांनी लागला. मृत्युपत्रकर्तीने स्वाक्षरी आपली असल्याचे दोन्ही साक्षीदारांजवळ कबूल केले, असं त्यात होतं. शेवगा नव्हता, शेंगा नव्हत्या. मृत्युपत्र ग्राह्य धरलं गेलं. आणखी एक ओळ होती, साक्षीदार ही शिक्षिका असूनही तिने प्रतिज्ञापत्र न वाचता त्यावर स्वाक्षरी केली ही बाब खेदजनक आहे. लताबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मनोज अपिलात गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याने एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर कांद्याची पिशवी पाठवली, एकच, कुणासाठी ते न सांगता, आणि मैनाने त्यातले अर्धे लताबाईंकडे आणून दिले. ती पुढच्या खोलीत झोपायला लागली की नाही हे लताबाईंनी कधी विचारलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी साक्ष संपल्यावर टंकलेखक मुलीने जबानीचा कागद काढून पुढे केला आणि खाली बोट दाखवलं, इथे, पूर्ण नाव. लताबाईंनी कागद पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मुलगी ताटकळली, न्यायाधीश दुसरी फाइल उघडून बसले. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी पेन घेतलं. ल. मग टिंब द्यायला हात थांबला, आणि दिलं नाही. लता लिहिलं. सो च्या काना-मात्रेवर श्वास भरून आला. खोली आपल्या कामात होती, वकील बोलत होते, पट्टेवाला पुढचं नाव पुकारत होता, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, उघड्यावर, त्या ते नाव एकेक अक्षर लिहीत गेल्या, डोळे कागदावरून न काढता. थ वर पेन टेकलं. मग त्यांनी वर पाहिलं. शेवटच्या बाकाशी मैना उभी राहिली होती. तिला खटल्याचं काय होणार ते अजून कळलं नव्हतं. फक्त बाई कागद घेऊन बसल्या आहेत एवढंच तिला दिसलं होतं, आणि तिने खिडकीकडे तोंड केलं होतं.